अमेरिकेत बदकांच्या शिकारीच्या नियमांवर कमेंट पाठवून काही उपयोग होतो का?

तुम्ही विचारलंय की इथलं फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस (वन्यजीवांचं केंद्रीय खातं) दरवर्षी नियम करण्याआधी लोकांकडून मतं मागवतं ते नुसतं नाटक असतं का, आणि सिटिझन नसलेल्याने लिहिलं तर चालतं का. माझा साडू पण हेच म्हणतो, "सगळं आधीच ठरलेलं असतं रे", म्हणून लिहायला बसलो.

मी मूळचा भिगवणकडचा. उजनीच्या पाण्यात थंडीत तलवार बदकं उतरायची, त्यालाच इथे पिनटेल म्हणतात. आता राहतो कॅलिफोर्नियात, सॅक्रामेंटोला. ऑफिसातला एकजण शिकारी आहे, त्याने एकदा डिसेंबरात पहाटे भाताच्या खाचरात नेलं (कापणीनंतर इथे खाचरात पाणी भरून ठेवतात, त्यावर बदकं लोटतात) आणि त्याच्या कुत्र्याने तोंडात धरून आणलेला पहिलाच पक्षी पिनटेलचा नर. चॉकलेटी डोकं, लांब शेपूट. पोटात कालवलं. घरी येऊन रागाच्या भरात त्या खात्याला दोन पानी ईमेल ठोकला, शिकार बंद करा, लाजा कशा वाटत नाहीत वगैरे वगैरे. मग कळलं की ईमेल ते धरतच नाहीत, वेबसाइटवर टाका नाहीतर पोस्टाने पाठवा असं नोटिशीत स्वच्छ लिहिलेलं असतं, मीच ती वाचली नव्हती. आणि धरली असती तरी काय, शिकारीला परवानगी द्यायचा अधिकार 1918 च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्यातच आहे, दरवर्षी विचारतात ते एवढंच की किती दिवस आणि किती पक्षी.

पुढे 2025-26 च्या सीझनला पिनटेलची एका शिकाऱ्यामागे रोजची मर्यादा 1 वरून 3 करायचं निघालं तेव्हा शहाण्यासारखं लिहिलं. आमच्याकडे दिवसाच्या 7 बदकांत मॅलार्डच्या (हे दुसऱ्या जातीचं बदक) माद्या 2 च चालतात, मग पिनटेलच्या 3 मधे मादी एकच ठेवा, बस, पाच ओळी. नाही झालं. 3 म्हणजे 3, नर काय मादी काय. साडूचा लगेच मेसेज, "बोललो होतो ना."

पण ते मतदान नाहीये हो. हजार जणांनी एकच मजकूर चिकटवला तरी तो एकच मुद्दा. मुद्दा आकड्याला धरून असेल आणि तारखेच्या आत असेल तरच लिहा. आणि माझं स्पष्ट मत आहे की इथे निदान मोजतात तरी. आपल्याकडे 1972 चा कायदा आहे, 1991 पासून तर शिकारीला पूर्ण बंदी, तरी माझ्या लहानपणी रात्री जाळी लागायचीच, किती पक्षी गेले याचा हिशोब कोणाकडे होता? शिकाऱ्यांची वकिली करत नाहीये, मला अजूनही ते बघवत नाही. पण बदकाची शिकार करणाऱ्या 16 वर्षांच्या आणि त्यापुढच्या प्रत्येकाला डक स्टॅम्प (शिकारीसाठीचं सरकारी तिकीट) घ्यावाच लागतो, 1934 पासूनची पद्धत आहे, आणि त्यातल्या डॉलरमागे 98 सेंट पाणथळ जागा राखायला जातात.

हां, तुमचं राहिलंच. सिटिझन असायची गरज नाही, कोणीही लिहू शकतं. फक्त लिहिलेलं सगळं जसंच्या तसं साइटवर दिसतं, तेव्हा पत्ता-फोन घालू नका.

स्टॅम्प 25 डॉलरचा आहे, शिकार न करणाऱ्यालाही मिळतो. मी दरवर्षी घेतो. साडूला तीन वर्षं सांगतोय, तो अजून पिटिशनच फॉरवर्ड करतोय.