तुझ्या वाटचं आम्ही म्हणतो

कोपरी, ठाणे (पूर्व)
मंगळवार, रात्र

प्रिय बाळ,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

रविवारी उपासना सुटल्यावर फाटकापाशी तू माझा हात धरलास आणि म्हणालीस, "मावशी, मला प्रार्थनाच करता येत नाही. डोळे मिटले की छाती धडधडायला लागते." मागे लोक सलाम करायला थांबले होते, पाळकसाहेब काहीतरी विचारत होते, आणि मला तुझ्याशी धड बोलता आलं नाही. घरी येऊन भाजी चिरायला बसले तरी तुझी गार पडलेली बोटं आठवत होती. फोन केला असता, पण फोनवरचं बोलणं विरून जातं. रात्री दोनला जाग आल्यावर उघडून वाचता येईल असं काही तुझ्या उशाशी असावं, म्हणून लिहायला बसले.

तुझ्यावर काय आलंय ते मला ठाऊक आहे. पप्पांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार-चार तास. तुझी घणसोलीची नोकरी गेली. घरभाडं, धाकट्याची बारावी. आई दिवसभर बोलत नाही आणि रात्री न्हाणीघरात नळ सोडून रडते, हे तूच मला सांगितलंस. एवढं सगळं असताना छाती धडधडली नसती तरच मला काळजी वाटली असती.

आधी त्या एका वाक्याचा निकाल लावू. घरगुती प्रार्थना सभेत तुला कुणी सांगितलं, की विश्वास असेल तिथे भीती राहत नाही, तुला भीती वाटते म्हणजे तुझ्या विश्वासात खोट आहे. सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसेल. पण ते खरं नाही, आणि घायाळ माणसासमोर असलं बोलू नये, हे चौतीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई म्हणून मी ठामपणे सांगते. पूर्ण प्रीती भीती घालवून देते, हे वचन योहानाच्या पहिल्या पत्रात आहे खरं. पण त्याच्या आगची-मागची ओळ वाच. तिथे न्यायाच्या दिवसाची, शिक्षेची भीती म्हटली आहे. बापाच्या किडनीचा, क्रिएटिनिनचा रिपोर्ट उघडताना लेकीचे हात थरथरतात, त्या भीतीबद्दल योहान बोलत नाही.

दावीद गथ गावी पलिष्ट्यांच्या हाती सापडला, त्या वेळचं छप्पन्नावं स्तोत्र आहे. त्यात तो म्हणतो, मला भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भरवसा टाकीन. 'वाटली तर' म्हणत नाही, 'वाटेल तेव्हा' म्हणतो. म्हणजे ती वाटणार हे त्यानं धरूनच ठेवलं आहे. आणि खुद्द आपला प्रभू? गेथशेमाने बागेत तो व्याकूळ झाला, माझा जीव मरणाएवढा खिन्न झाला आहे असं शिष्यांना म्हणाला. हा प्याला टळावा म्हणून त्यानं पालथं पडून विनवलं. त्या रात्री त्यानं आणखी एक गोष्ट केली, ती आपण पटकन वाचून पुढे जातो. पेत्र, याकोब आणि योहान यांना त्यानं बरोबर घेतलं आणि 'माझ्याबरोबर जागे राहा' म्हणाला. देवाच्या पुत्राला त्या घटकेला सोबत हवीशी वाटली. आणि तू मला म्हणतेस, "मंडळीला कशाला त्रास?"

आता माझं सांगते. हे मंडळीत फार जणांना माहीत नाही, कारण ते जुने लोक आता राहिले नाहीत.

आम्ही तेव्हा कळव्याला चाळीत राहायचो. तुझे काका ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात होते. तो बंद पडला, थकलेला पगारही हाती आला नाही. मी सातव्या महिन्यात होते, आणि दिवस भरायच्या आतच मुलगी झाली. अकरा दिवस जगली. मी स्वतः नर्स. तिच्या श्वासाकडे बघून मला पाचव्या दिवशीच कळलं होतं, तरी मी सहा दिवस देवाला तारखा घालून देत होते. आज वजन वाढू दे. आज दूध पिऊ दे. अकराव्या दिवशी पहाटे ती गेली. दफनभूमीत काकांनी पेटी दोन हातांवर नेली, खांदेकरी लागले नाहीत.

घरी माणसं आली. देवाची इच्छा, म्हणाली. देवाला फुलं हवी असतात, म्हणाली. दुसरं होईल, म्हणाली. मी कुणाला काही बोलले नाही, पण त्या दिवसानंतर मला प्रार्थना येईना. ओठ हलायचे नाहीत. उपासनेत सगळे उभे राहिले की उभी राहायचे, बसले की बसायचे.

आमच्या मंडळीत एक म्हातारी होत्या, सगळे त्यांना नगरच्या आजी म्हणायचे. लिहिता-वाचता बेताचंच यायचं. दर मंगळवारी चार वाजता त्या चाळीचा जिना चढून यायच्या. फडक्यात दोन भाकरी आणि लसणाची चटणी. भाकरी फडताळात ठेवायच्या, खाटेच्या कडेला बसायच्या, माझा हात मांडीवर घ्यायच्या आणि म्हणायच्या, "तू नको म्हणू. मी म्हणते. तुझ्या वाटचं मी म्हणते." मग मोठ्यानं प्रभूची प्रार्थना. दुसरं काही नाही. का गेली, कशाला गेली, त्यातून काय शिकायचं, यातला एक शब्द त्यांनी कधी काढला नाही. प्रार्थना झाली की गुडघे धरून उठायच्या आणि जायच्या.

सात महिने असं चाललं. मग जुलैत एका मंगळवारी धो-धो पाऊस लागला आणि त्या आल्या नाहीत. चार वाजून गेले. मी दाराकडे बघत बसले होते, आणि कधी सुरू झालं कळलं नाही, पण मी 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणत होते. रागानं म्हणत होते. 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' इथे घसा बंद झाला, पुढचं त्या दिवशी म्हणता आलं नाही. पण अर्धी झाली होती.

मुलगी का गेली, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. मी विचारायचं सोडलेलं नाही, आणि विचारते म्हणून तो मला दूर करत नाही, एवढं आता कळतं. स्तोत्रसंहितेतलं अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र काढून बघ. ते अंधारातच संपतं, शेवटी 'तरीही मी तुझी स्तुती करीन' वगैरे काही येत नाही. ज्यांनी हे पुस्तक जमवलं त्यांनी ते गाळलं नाही. इतकी शतकं देवाचे लोक ते देवासमोरच म्हणत आले. तुझ्या तोंडी सध्या तेवढंच येत असेल, तर तेही प्रार्थनेतच जमा आहे.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातला पक्षाघाती तुला संडे स्कूलपासून माहीत आहे. कफर्णहूमचं घर, दारात गर्दी, चौघांनी छप्पर उकरलं आणि त्याला बाजेसकट खाली सोडलं. पुन्हा वाचशील तेव्हा दोन गोष्टी बघ. तो माणूस त्या सगळ्या हकिगतीत तोंडातून एक शब्द काढत नाही. आणि येशूनं काय पाहिलं? 'त्यांचा विश्वास'. उचलून आणणाऱ्यांचा. मी ही गोष्ट लहानपणापासून ऐकत होते, पण 'त्यांचा' या शब्दाशी अडले ती नगरच्या आजी गेल्यानंतर. बाळ, भरवसा ही एकट्यानं छाती ठोकून करायची गोष्ट आहे असं आपल्याला उगाच वाटतं. सध्या तू बाजेवर आहेस. बाजेवरच्या माणसानं छप्परही उकरावं अशी अपेक्षा प्रभूनं केली नव्हती, तू स्वतःकडून का करतेस?

आपल्यात पंडिता रमाबाईंचं नाव घेतलं की मुक्ती मिशन आणि केडगाव एवढंच सांगतात. त्यांच्या घरची माणसं मोजून बघ. दुष्काळात वडील, आई, थोरली बहीण गेली. मग 1880 मध्ये भाऊ, 1882 मध्ये नवरा. बाप्तिस्मा झाला 1883 मध्ये, म्हणजे ती बाई प्रभूकडे आली तीच एवढे मृत्यू मागे टाकून. पुढं काम उभं राहिलं, शेकडो बायका-मुली त्यांच्या आधारानं जगल्या, आणि ज्या लेकीनं हे सगळं सांभाळायचं ती मनोरमा 1921 च्या जुलैत आईच्या आधी गेली. रमाबाई पुढच्या एप्रिलमध्ये वारल्या. मधले ते महिने मला नेहमी आठवतात, कारण त्याच काळात त्यांनी पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराचं काम शेवटाला नेलं. कानांना ऐकू येत नव्हतं, लेक गेली होती, आणि बाई एकेक ओळ साध्या बायकांना समजेल अशी बसवत होत्या. विश्वासानं दुःख टळतं असं कुणी तुला सांगितलं, तर या बाईचं आयुष्य त्याच्यापुढं ठेव.

आता थोडं रोजच्या कामाचं.

प्रभूनं आपल्याला भाकर मागायला शिकवलं ती 'आज'ची. महिन्याचा शिधा मागायला शिकवलं नाही. रानात इस्राएली लोकांना स्वर्गातून मिळणारं अन्न, तो मान्नाही रोजचाच मिळायचा, दुसऱ्या दिवसासाठी ठेवला की त्यात किडे पडायचे. तू रात्री दोनला पुढच्या पाच वर्षांचा हिशेब मांडतेस, त्यात किडे पडणारच. गुरुवारचं डायलिसिस गुरुवारी. उद्या फक्त रबाळ्याची मुलाखत. लोकलमध्ये धडधड सुरू झाली तर दोन्ही पाय फरशीवर घट्ट टेक, श्वास घेशील त्याहून सावकाश सोड, आणि सोडताना 'प्रभू, दया कर' एवढं मनात म्हण. कळव्याच्या खाडीवरून गाडी जाते तेवढ्या वेळात चार-पाचदा होतं. बुडणाऱ्या पेत्राची प्रार्थना याहून लांब नव्हती.

झोप आणि जेवण यांना अध्यात्माबाहेरचं समजू नकोस. एलीया संदेष्टा ईजबेल राणीच्या भीतीनं पळाला, झुडपाखाली पडला आणि 'पुरे झालं, माझा जीव घे' म्हणाला. देवदूतानं त्याला बोल लावला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खाऊ घातलं. मी नर्स असल्यामुळे असेल, पण मला हा अध्याय फार आवडतो. तीन-चार आठवडे झोप नसेल, मनात जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील, तर डॉक्टरांना दाखवायचं. 14416 हा सरकारी टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठी फोनवर मदत देणाऱ्या सेवेचा नंबर आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. औषध घेणं म्हणजे देवावरचा भरवसा उडणं, असं कुणी म्हणालं तर त्याला माझ्याकडे पाठव.

पप्पांचं डायलिसिस महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं, रेशन कार्ड आणि आधार घेऊन तिथे जायचं. मी बरोबर येईन. आणि 'बी पेरा, अमुक रक्कम अर्पण करा, किडनी चालू होईल' असा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर आला, तर एक रुपया द्यायचा नाही. कुणाच्याही भविष्यवाणीवरून डायलिसिस एकदाही चुकवायचं नाही. हे मी हात जोडून सांगते, कारण त्याचं पुढं काय होतं ते मी वॉर्डात पाहिलंय. देव बरं करतो यावर माझा विश्वास आहे, मी रोज पप्पांचं नाव घेऊन तेच मागते. पण त्याला मुदत घालून देणं मी त्या अकरा दिवसांत केलं होतं, आता करत नाही.

घरभाड्याचं मी मंडळीच्या खजिनदारांशी बोलले आहे, तुझं नाव न घेता. मदतनिधी त्याचसाठी असतो. तुझ्या आजोबांनी त्यात वर्षानुवर्षं टाकलेलं आहे, तेव्हा संकोच करू नकोस.

गुरुवारी दुपारी एकला मी सेंटरवर येते. तू आणि आई घरी जा, चार तास झोपा. पप्पांजवळ मी बसते, त्यांना जुनी गाणी ऐकवते. जेवण करू नका, दुधीची भाजी आणि भाकरी आणते, मीठ बेताचं घालते. आणि शेजारच्यांनी कितीही आग्रह केला तरी पप्पांना नारळपाणी देऊ नका, त्यातलं पोटॅशियम त्यांना झेपणार नाही.

हे पत्र लिहिताना चार वेळा उठले, म्हणून अक्षर बदललेलं दिसेल. आता साडेअकरा झाले. झोपायच्या आधी तुझ्या वाटचं म्हणते.

तुझी,
मावशी