‘हरण्या’वर संशोधन करायचंय

प्रश्न : मी रावेर तालुक्यातली, बीएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या पावसाळ्यात हरण्या रोगाने आमची निम्मी केळी उपटावी लागली. मला विषाणूंवर संशोधन करायचंय. घरचे म्हणतात, बीएड कर.

उत्तर : बेटा, माझं माहेर यावलकडचं. पानावर शिरांच्या बाजूने तुटक पिवळ्या रेघा आणि मग सडलेला पोंगा, म्हणजे मधलं गुंडाळलेलं कोवळं पान, हे मी लहानपणीच पाहिलंय. त्यामुळे तुझं पत्र दोनदा वाचलं.

हरण्या म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरस. मावा ही रस शोषणारी बारीक कीड त्याला क्षणभराच्या टोचणीत झाडावर सोडते; फवारणीने मावा मरेपर्यंत काम झालेलं असतं. म्हणून ज्यांत हाच विषाणू राहतो ती काकडी, भोपळा, मिरची केळीजवळ लावायची नाही आणि रोगट झाड लगेच काढायचं. हे तुझ्या बाबांना आजच सांग.

आता तुझं. वनस्पतींच्या विषाणूंकडे जायचं, की माणसांच्या? केळीच ठरली असेल, तर तिरुचिरापल्लीचं राष्ट्रीय केळी संशोधन केंद्र लक्षात ठेव. माणसांच्या आजारांसाठी पुण्याची १९५२ साली सुरू झालेली राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आहे. एमएस्सीनंतर नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा देऊन जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) मिळाली, की पीएचडीला दरमहा विद्यावृत्ती मिळते. घरच्यांना हे मुद्दाम सांग, त्यांची काळजी पैशांचीच असते.

पीएचडीला पाच-सहा वर्षं लागतात आणि कित्येक प्रयोग फसतात. तयारी आजपासून कर : बागेतल्या प्रत्येक रोगट झाडाची तारीख, जागा आणि फोटो वहीत नोंदव.