आपलं वर्ष कधी संपतं, आणि डुकरांचा गेम कुठल्या वर्षात धरायचा

आइंडहोवन, २७ डिसेंबर २०२५

प्रिय चिऊ,

तुझा मेसेज बसमध्ये वाचला आणि एकटीच हसत बसले. वर्षभरातल्या आवडत्या गेम्सची यादी तू फ्रिजवर चिकटवलीस, आजीने चष्मा लावून ती वाचली आणि म्हणाली, "वर्ष कुठे संपलंय अजून? आत्ता कुठे पौष लागलाय." आणि तू मला विचारतेस, आई, आपलं वर्ष नक्की संपतं कधी?

अगं, आपल्या नौपाड्यातल्या घरात तीन-चार वर्षं एकत्र नांदतात. आजीचं चैत्र पाडव्याला सुरू होतं. गुढी उभारायची, कडुनिंब-गूळ तोंडात टाकायचा आणि कौपिनेश्वराच्या स्वागतयात्रेला पळायचं. जांभळी नाक्यावरचे व्यापारी नव्या वह्या उघडतात दिवाळीच्या पाडव्याला. बाबाचं वर्ष ३१ मार्चला संपतं, आणि त्याआधीचा आठवडाभर त्याच्याशी कोणी बोलायचं नसतं. तुझं जूनमध्ये सुरू होतं, शाळेबरोबर. आणि आजीने फार ताणलं तर तिला स्वयंपाकघरातल्या भिंतीकडे बोट दाखव. तिचं कालनिर्णय जानेवारीतच बदलतं की नाही?

पण आजी म्हणते त्यात दम आहे. पूजेला बसल्यावर गुरुजी संकल्पात शक आणि संवत्सराचं नाव घेतात, ते हेच वर्ष. पाडवा झाला की इंग्रजी सनातून ७८ वजा करायचे, म्हणजे शक निघतो. सध्या शके १९४७, नाव विश्वावसू. अशी साठ नावं आहेत, साठ संपली की पुन्हा पहिल्यापासून. मागच्या वर्षाचं नाव क्रोधी होतं. पुढच्याचं काय आहे माहीत आहे? पराभव! सिल्कसाँग गेममध्ये एकाच बॉसकडून, त्या तगड्या शत्रूकडून, तीस वेळा मार खाणाऱ्या मुलीला पंचांगाने आणखी काय द्यावं?

आता तुझ्या यादीकडे येते. माझीही सांगते, कारण मी नुसती आई नाही, मी तुझ्याआधीपासून कंट्रोलर धरलेली बाई आहे.

सिल्कसाँग तू पहिला टाकलास. बरोबर आहे. २०१९ मध्ये जाहीर झालेला गेम, ॲडलेडच्या मूठभर माणसांनी सहा-साडेसहा वर्षं घासूनपुसून ४ सप्टेंबरला सोडला. गौरी-गणपती जाऊन दोनच दिवस झाले होते, घर ओकंओकं वाटतंय म्हणून तू फोनवर कुरकुरत होतीस. संध्याकाळी साडेसातला तो आला, जगभरातल्या लोकांनी एकदम धाव घेतली आणि विकणाऱ्या साइट्सच आडव्या पडल्या. तुझ्या गेममध्ये मण्यांचा चलन म्हणून वापर आहे ना? सुटे मणी मेलं की तिथेच पडून राहतात, माळेत ओवलेले मात्र आपल्याजवळ राहतात. हे तू आजीला समजावलंस तेव्हा ती जपमाळ हातात धरून म्हणाली होती, "मग ओवून ठेव ना बाई, सुटे कशाला घेऊन हिंडतेस?" त्या संध्याकाळी मिळालेला सर्वांत चांगला सल्ला तोच होता. तू ऐकला नाहीस, आणि पुढच्याच खड्ड्यात सगळे मणी घालवलेस.

ब्लू प्रिन्स मी तुझ्यापेक्षा वर ठेवते. पंचेचाळीस खोल्यांचा वाडा, आणि शोधायची सेहेचाळिसावी. प्रत्येक दारापाशी तीन खोल्यांतली एक निवडायची, दिवस संपला की वाडा पुसून पुन्हा कोरा. हा गेम हाताने कमी आणि वहीने जास्त खेळायचा असतो. दसऱ्याला तू ती वही पाटीपूजनात ठेवलीस आणि बाबा म्हणाला, गेमची वही कुठे ठेवतात का? ठेवतात. तुझ्या भूगोलाच्या वहीपेक्षा तिच्यात नकाशे जास्त आहेत.

एक्स्पिडिशन ३३ तुला अजून द्यायचा नाही, त्यामुळे तो माझ्या एकटीच्या यादीत. तुझ्या प्रश्नाशी त्याचं नातं मात्र जवळचं आहे. एक बाई दरवर्षी एका प्रचंड दगडावर आकडा रंगवते, दर वर्षी एकाने कमी. त्या वयाची माणसं फुलांच्या पाकळ्या होऊन हवेत विरून जातात. गेम सुरू होतो तेव्हा चौतीसचा तेहेतीस होतो, आणि लोक निरोपाच्या सणासारखे गळ्यात हार घालून बंदरावर जमतात. मी एक्केचाळीस वर्षांची. त्या गावात मी केव्हाच गेले असते. पहिला तास खेळून झाल्यावर मी कंट्रोलर ठेवला, चहा केला आणि तुला फोन लावला, आठवतंय? तू म्हणालीस, "काही काम होतं का?" माँपेलिएच्या छोट्या कंपनीने केलेल्या या गेमला ११ डिसेंबरला वर्षातल्या सर्वोत्तम गेमचा पुरस्कार मिळाला. म्हणजे बघ, तिथेही ३१ डिसेंबरपर्यंत कोणी थांबत नाही. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात पुरस्कारवाल्यांचं वर्ष बंद होतं, नंतर आलेला गेम पुढच्या वर्षात जातो. आजी एकटी हटवादी नाही.

राहिला स्प्लिट फिक्शन. माझा पहिला नंबर त्याचाच, आणि खरी पंचाईत इथेच आहे.

तो आला ६ मार्चला. पाडवा होता ३० मार्चला. म्हणजे आजीच्या हिशोबाने तो फाल्गुनातला, शके १९४६ चा, क्रोधी संवत्सराचा. बाबाच्या हिशोबानेही मागच्याच वर्षाचा. दोघं मिळून माझा गेम यादीतून बाहेर काढतात! बरं, क्रोधी हे नाव मात्र शोभतं. दोघींनी मिळूनच खेळायचा गेम, एकीने विकत घेतला की दुसरीला फुकट, आणि तू प्रत्येक उडीच्या वेळी, "आई, आता! आता म्हटलं ना!" म्हणून ठणाणा करायचीस. इथे दुपारचे अडीच, तिकडे ठाण्यात सहा. तुझ्या आवाजामागे कुकरच्या शिट्ट्या. आणि ती डुकरं. एक स्प्रिंगसारखं लांब होणारं, दुसरं पादून उडणारं, तेही इंद्रधनुष्य सोडत. आजी मागे येऊन उभी राहिली, पोट धरून हसली. मग शेवटी दोन्ही डुकरांचे सॉसेज झाले, तशी ती गप्प झाली आणि म्हणाली, "हे काय गं, खेळवून खेळवून खाल्लं की त्यांना." त्या दिवशी पुढे खेळवेना.

पण तो आपण संपवला मे महिन्यात, म्हणजे ऐन वैशाखात, विश्वावसूत. मग धरायचं काय, गेम आला ते वर्ष की आपला संपला ते? आजी लोणचं कुठल्या वर्षाचं म्हणते, बरणी भरली त्या की उघडली त्या? मला वाटतं भरली त्या, आणि तसं असेल तर मी हरले. तरी विचारून बघ.

यादी फ्रिजवरच राहू दे, फक्त नंबर पेन्सिलने लिही. पुढचा पाडवा १९ मार्चला आहे, गुरुवारी, आणि मी सोमवारीच पोचतेय. पराभव लागायच्या आत मला सिल्कसाँगमधला तो तुझा बॉस बघायचाय. आणि मणी ओवून ठेव.

तुझी,
आई