दात एक, डॉक्टर दोनशे

‘मावशी, माझी लेक आठ महिन्यांची झाली, अजून एकही दात नाही. आयांच्या ग्रुपवर विचारलं. एक म्हणाली कॅल्शियम कमी आहे, दुसरी म्हणाली अँबरच्या, म्हणजे झाडाच्या जुन्या गोठलेल्या राळेच्या, मण्यांची माळ घाल. तिसरीने दाताचं सोडून बजावलं, गोवराची लस देऊ नकोस, मुलं बोलायची थांबतात. त्यांची मुलं याच वयात उभी राहतात, बोलतात! नवरा म्हणतो, ग्रुप सोड. माझं काय चुकतंय?
– रात्रभर जागी’

अगं जागे,

चुकलंय एवढंच, की एका दातासाठी तू दोनशे डॉक्टर गोळा केलेस आणि त्यातल्या एकीनेही तिचं तोंड उघडून पाहिलं नाही.

पहिला दात बहुधा सहाव्या महिन्याच्या आगेमागे येतो, पण कुणाला चौथ्यात, तर कुणाला थेट पहिल्या वाढदिवसाला. हे पुष्कळदा घराण्यातून येतं. तेव्हा कॅल्शियम राहू दे, आधी तुझ्या आईला आणि सासूबाईंना विचार, तुमचे दात कधी आले होते ते. वर्ष उलटूनही हिरडी कोरीच राहिली तर डॉक्टरांना दाखव.

माळेवर मात्र मी चिडणार आहे. अंगाच्या उबेने मण्यातून म्हणे औषध झिरपतं! सिद्ध काहीच झालेलं नाही. उलट अशा माळेचा फास बसून दीड वर्षाचं एक मूल झोपेत गेलं, हे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ साली इशारा देताना सांगितलं होतं. मणी तुटून घशात अडकतात ते वेगळंच.

लसीची आवई जुनी आहे. १९९८ साली वेकफिल्ड नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने अवघ्या १२ मुलांवरून लेख लिहिला आणि लस व ऑटिझमचा (स्वमग्नतेचा) संबंध सुचवला. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने तो लेख मागे घेतला, त्याच वर्षी त्याचा वैद्यकीय परवानाही गेला. पुढे डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलं तपासली, तरी असा संबंध सापडला नाही. लस वेळेवर दे.

आता त्या चमत्कारी बाळांविषयी. ग्रुपवर साधं मूल जन्मालाच येत नाही, हे तुझ्या लक्षात आलंय का? ‘मम्’ असा हुंकार निघाला की पहिला शब्द. उभ्या बाळाचा फोटो नीट बघ, कडेला आजीची चार बोटं दिसतील. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजणीत निरोगी मुलं एकटी चालायला लागली ती ८ ते १८ महिन्यांत कधीही. एवढी ऐसपैस मुदत कुठल्याही सरकारी अर्जालाही मिळत नाही.

ग्रुप सोडू नकोस, नवऱ्याला सांग. पहाटे तीनला ‘माझंही जागंच आहे गं’ म्हणणारी तिथेच भेटते, आणि तो तर तेव्हा घोरत असतो.

माळ मागवून झालीच असेल तर तूच घाल. लेक कडेवर नसताना.

– मावशी