काच सोसायटीच्या कामात फुटली, मग क्लेम माझ्या पॉलिसीवर का?

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण सोसायटीत गेल्या शनिवारी गवत कापायचे मशीन चालू होते. माझी गाडी नेमून दिलेल्या जागेवरच उभी होती. पात्याखालून उडालेला खडा लागून मागच्या डाव्या दाराची काच फुटली. वॉचमनने पाहिले आहे. सेक्रेटरी म्हणतात, "तुमचा इन्शुरन्स आहे ना, त्यातून करून घ्या. सोसायटी दोन हजार देईल, पण 'यापुढे काही तक्रार नाही' अशी सही द्या." मी विमा कंपनीच्या टोल फ्री नंबरवर कळवून क्लेम नंबर घेतला आहे. एजंट म्हणतो, 'अज्ञात व्यक्तीने फोडली' असे लिहा, सोसायटीचे नाव आले की फाटे फुटतात. गॅरेजचे एस्टिमेट 7,800 रुपये आहे. गाडी 1200 सीसी, पॉलिसीचे चौथे वर्ष, आजवर एकही क्लेम नाही, एनसीबी (क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारा सवलतीचा बोनस) 35 टक्के. पाऊस चालू आहे, सर्व्हेयर (विमा कंपनीतर्फे नुकसान तपासणारा) अजून आलेला नाही. काच बसवून घेऊ की थांबू?

उत्तर : आधी ती सही करू नका. बाकीचे सगळे निवांत ठरवता येईल, सही मात्र एकदा झाली की झाली.

कारण सांगतो. विमा कंपनी तुमचे नुकसान भरून देते, तेव्हा ज्याच्या चुकीने नुकसान झाले त्याच्याकडून वसूल करण्याचा तुमचा हक्क तिच्याकडे जातो. याला सबरोगेशन म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 2010 मध्ये या विषयाचा सविस्तर उलगडा केला आहे. कंपनी तुमच्या जागी उभी राहते, म्हणजे तुमच्याकडे जेवढा हक्क असेल तेवढाच तिला मिळतो. दोन हजार घेऊन 'काही तक्रार नाही' असे तुम्ही लिहून दिले, तर तिच्या हाती काय उरणार? मग 'आमच्या परवानगीशिवाय तडजोड केलीत' म्हणून ती तुमचाच क्लेम अडवू शकते. समजा तसे झाले नाही, तरी उरलेल्या रकमेसाठी सोसायटीचे दार तुम्ही स्वतःच लावून घेतलेले असेल. दोन हजार घ्यायला हरकत नाही, पण पावतीवर 'एकूण नुकसानीपैकी अंशतः मिळाले, उर्वरित हक्क राखून' असे शब्द हवेत. ते चालणार नसेल तर पैसेही नकोत.

आता एजंटचा सल्ला. 'अज्ञात व्यक्ती' लिहायचे नाही. पॉलिसीत फक्त चोरी आणि आग असते असे अनेकांना वाटते. तसे नाही. स्वतःच्या नुकसानीच्या भागात बाह्य कारणाने झालेला अपघात स्पष्ट समाविष्ट असतो, आणि उडालेला खडा हे त्याचे चोख उदाहरण आहे. जे खरे सांगूनही मिळते, त्यासाठी खोटे कशाला? खोट्या निवेदनावर क्लेम नाकारायला कंपनीला आयते कारण मिळते. शिवाय तुम्हीच सही केलेल्या फॉर्मवर 'अज्ञात' असेल, तर उद्या सोसायटी तोच कागद तुमच्यासमोर धरेल. फाटे फुटतील ही एजंटची भीती आहे, तुमची अडचण नाही.

पोलिसांचेही सांगून टाकतो, कारण कोणीतरी एफआयआर लागते असे सांगणारच. भारतीय न्याय संहितेच्या कलम 324 मधला आगळिकीचा गुन्हा होण्यासाठी नुकसान करण्याचा हेतू किंवा ते होणार याची जाणीव लागते. माळ्याकडे ती नव्हती. हा निष्काळजीपणा आहे, आणि तो दिवाणी मामला आहे. काच फोडून बॅग पळवली असती तर गोष्ट वेगळी होती, तेव्हा तक्रार नोंदवल्याशिवाय पुढे जाऊच नये. (अशा चोरीत एक गोष्ट लोकांना नंतर कळते: पॉलिसी काचेचे पैसे देते, आतल्या लॅपटॉपचे नाही. सामानाचे वेगळे ॲड-ऑन (जादा प्रीमियम भरून घेतलेले कव्हर) घेतलेले असेल तरच.)

थांबायचे किती? फुटलेल्या खिडकीवर तुम्ही काही लावले आहे का, हे लिहिले नाहीत. नसेल तर आजच लावा. 'सर्व्हेयर बघेपर्यंत हात लावू नका' याचा अर्थ पाऊस आत येऊ द्या असा होत नाही. वाहनाची वाजवी काळजी घेण्याची अट पॉलिसीतच आहे. उघड्या खिडकीतून पाणी जाऊन काचेचे बटण किंवा सीट खराब झाली, तर ते नुकसान तुमच्या हयगयीचे धरले जाईल. क्रम असा ठेवा. आधी फोटो काढा: बाहेरून नंबर प्लेटसह, आतून सीटवरचे तुकडे, आणि तो खडा जिथे पडला तिथेच असताना. तो खडा पाकिटात घालून तारीख टाका. हसू नका, सुपारीएवढा खडा आणि दाराच्या पत्र्यावर चिकटलेले कापलेले गवत यांचा फोटो चार साक्षीदारांइतके काम करतो. मग प्लास्टिक चिकटवा.

बसवण्याआधी मात्र तपासणी होऊ द्या. मूळ मोटर टॅरिफमध्ये (वाहन विम्याच्या ठरवून दिलेल्या दर-अटींमध्ये) कारमालकाने स्वतःच्या अधिकारात करून घ्यायच्या दुरुस्तीची मर्यादा फक्त 500 रुपये आहे. ती रक्कम आज हास्यास्पद वाटते, पण 'आम्हाला न दाखवता केलेत' हे उत्तर त्याच अटीतून येते. विमा नियामकाच्या जून 2024 च्या परिपत्रकानुसार कळवल्यापासून 24 तासांत सर्व्हेयर नेमायचा असतो. कंपनीला ईमेल करा: 'पावसामुळे गाडी उघडी ठेवणे शक्य नाही. उद्या संध्याकाळपर्यंत तपासणी करावी किंवा व्हिडिओवर पाहावे, अन्यथा फोटो व फुटलेले भाग जपून ठेवून दुरुस्ती करून घेईन.' एवढ्या लहान क्लेममध्ये बहुतेक वेळा व्हिडिओवरच काम होते.

पण क्लेम घ्यावाच का? इथे मी वकील कमी आणि हिशेबनीस जास्त होतो. समजा 7,800 मध्ये काच 4,600, रबर-बीडिंग 1,200 आणि मजुरी 2,000 आहे. काचेवर घसारा (भाग जुना झाल्याबद्दलची कपात) लागत नाही, रबर आणि प्लास्टिकवर 50 टक्के लागतो, म्हणजे 600 गेले. 1500 सीसीपर्यंतच्या कारला सक्तीची वजावट, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये स्वतः सोसायची रक्कम, 1,000 रुपये. हातात येणार 6,200. झिरो डेप्रिसिएशनचे (घसारा न कापण्याचे) ॲड-ऑन असेल तर 6,800.

आता दुसरी बाजू बघा. क्लेम घेतला नाही तर पुढच्या नूतनीकरणाला तुमचा बोनस 35 वरून 45 टक्के होईल, आणि नंतर 50. घेतला तर शून्य, मग पुन्हा 20, 25, 35, 45 अशी पायरी-पायरीने चढण. बोनस फक्त स्वतःच्या नुकसानीच्या प्रीमियमवर मिळतो, थर्ड पार्टीवर नाही. तो प्रीमियम बोनसपूर्वी 9,000 धरू. पहिल्या वर्षीच 4,050 चा फटका, दुसऱ्या वर्षी 2,700, तिसऱ्या वर्षी 2,250, पुढे 1,350 आणि 450. एकूण 10,800, वर 18 टक्के जीएसटी वेगळा. गाडी जुनी होईल तसा मूळ प्रीमियम उतरतो, म्हणून प्रत्यक्ष आकडा थोडा कमी येईल. तरीही 6,200 साठी हा सौदा तोट्याचाच आहे. सेक्रेटरी 'इन्शुरन्समधून करून घ्या' म्हणतात, तेव्हा हा खर्च ते तुमच्या खिशातून करत असतात.

एक अपवाद. पॉलिसीत एनसीबी प्रोटेक्शनचे ॲड-ऑन आहे का, किंवा फक्त काचेचा क्लेम बोनस कापत नाही असे कलम आहे का, ते बघा. काही कंपन्या अशी सोय देतात. एजंटला फोनवर विचारू नका, कंपनीकडून ईमेलवर उत्तर घ्या. उत्तर 'बोनस जाणार नाही' असे आले तर खुशाल क्लेम घ्या आणि सोसायटीकडून फक्त वजावट व घसाऱ्याचे पैसे मागा. दोन्हीकडून पूर्ण रक्कम घेता येत नाही. विमा नुकसान भरून काढण्यासाठी असतो, नफ्यासाठी नाही.

सोसायटीची जबाबदारी. माळी सोसायटीच्या पगारावर असेल तर प्रश्न सरळ आहे: नोकराने काम करताना केलेल्या निष्काळजीपणाला मालक जबाबदार. बहुतेक ठिकाणी बाग कंत्राटदाराकडे असते, आणि 'आमचा काय संबंध, कंत्राटदाराला विचारा' हे उत्तर येते. स्वतंत्र कंत्राटदाराच्या चुकीला काम देणारा एरवी जबाबदार नसतो, हे खरे. म्हणून मी तीन गोष्टी विचारेन. मशीन कोणाचे? कुठे आणि कधी कापायचे हे कोण सांगते? गाड्या हलवा अशी सूचना आदल्या दिवशी लावली होती का? मशीन सोसायटीचे आणि हुकूम सेक्रेटरींचा असेल, तर कंत्राटदार नावापुरताच. उत्तरे उलटी आली तरी पत्र दोघांनाही पाठवा, आपापसात काय ते त्यांनी ठरवावे.

'वाहने स्वतःच्या जबाबदारीवर उभी करावीत' असा फलक गेटवर असेलच. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका हॉटेलच्या व्हॅले पार्किंगच्या (किल्ली हॉटेलच्या माणसाकडे देऊन गाडी लावण्याच्या) प्रकरणात असे छापील शब्द हॉटेलला स्वतःच्या किंवा नोकरांच्या निष्काळजीपणातून सोडवत नाहीत असे म्हटले. तुमच्या गाडीची किल्ली सोसायटीकडे नव्हती, त्यामुळे तो निकाल इथे जसाच्या तसा लागू होत नाही. पण हा फलक फार तर बाहेरच्या चोराबद्दल बोलतो, आतल्या मशीनबद्दल नाही.

पत्र साधे लिहा. मसुदा देतो, तारखा तुमच्या घाला:

"दि. ___ रोजी सकाळी ___ वाजता सोसायटीच्या आवारात गवत कापण्याचे काम चालू असताना उडालेल्या खड्याने माझ्या नेमलेल्या जागेवरील कारच्या मागील डाव्या दाराची काच फुटली. दुरुस्तीचा खर्च 7,800 रुपये असून एस्टिमेट व फोटो सोबत जोडले आहेत. ही रक्कम 15 दिवसांत द्यावी. त्या दिवशीचे सीसीटीव्ही चित्रण पुसले जाऊ न देता जतन करावे व त्याची प्रत मला द्यावी. माझे सर्व कायदेशीर हक्क राखून हे पत्र देत आहे."

चित्रणाची ओळ सगळ्यात तातडीची आहे. रेकॉर्डर जुने पुसून नवे भरत जातो. पत्र आजच द्या आणि प्रतीवर पोच घ्या. पेन ड्राइव्हवर प्रत मिळाली तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चे (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणारे) प्रमाणपत्रही सोबत मागा.

दाव्याचे विचाराल तर मुदत तीन वर्षांची आहे, पण 7,800 साठी मी तुमचे वकीलपत्र घेणार नाही. सभासद आणि सोसायटी यांच्यातला कामकाजासंबंधीचा वाद महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 91 खाली सहकार न्यायालयात जातो. दिवाणी दावा करायचा तर कलम 164 ची दोन महिन्यांची नोटीस आधी निबंधकांना द्यावी लागते. कोणत्याही वाटेने गेलात तरी काचेपेक्षा चपला जास्त झिजतील. पत्र समितीच्या बैठकीपुढे ठेवायला लावा आणि इतिवृत्तात नोंद होते का ते बघा. नोंद होणार म्हटल्यावर दोन हजारांचे पाच-सहा हजार झालेले मी पाहिले आहेत. मेंटेनन्स मात्र रोखून धरू नका. हिशेब चुकता होण्याऐवजी तुम्हीच थकबाकीदार व्हाल.

काच बसवताना थोडे लक्ष द्या. बाजूच्या काचा सहसा टफन्ड असतात. त्या फुटल्या की खडीसाखरेसारखे तुकडे होतात, त्यामुळे पुढच्या काचेसारखी रेझिन भरून दुरुस्ती होत नाही, बदलावीच लागते. तुकडे दाराच्या पोकळीतही पडतात, म्हणून ट्रिम (दाराचे आतले आवरण) काढून आतून व्हॅक्यूम करून घ्या. नाहीतर नवी काच वरखाली होताना ओरखडत राहील आणि दाराच्या तळाची पाणी जायची भोकेही तुंबतील. नव्या काचेच्या कोपऱ्यात आयएसआयची खूण हवी, आणि बाजूच्या काचेतून किमान 50 टक्के प्रकाश आत यायला हवा, हा केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 100 आहे. बिल तुमच्या नावाने, गाडीच्या नंबरसह आणि 'मागील डावी दार-काच' असे वेगळे लिहून घ्या. सोसायटीला तेच बिल द्यायचे आहे.

क्लेम न घेण्याचे ठरले तर तो नुसता सोडून देऊ नका. नंबर पडला आहे, आणि उघडा राहिला तर नूतनीकरणाच्या वेळी सिस्टीममध्ये 'क्लेम' असे दिसून बोनस अडकू शकतो. कंपनीला ईमेल करा: 'क्लेम क्रमांक ___ मी मागे घेत आहे. कोणतीही रक्कम घेतलेली नाही. तो शून्य रकमेवर बंद करून तसे लेखी कळवावे.' त्यांचे उत्तर पॉलिसीच्या फाइलला लावून ठेवा.