रद्दीत गेलेल्या चार वह्या

सांगली जिल्ह्यातील एका पालकांचे पत्र आले आहे. त्यांच्या मुलाला बारावी विज्ञान शाखेत ६१ टक्के गुण मिळाले, जेईईत यश आले नाही, आणि आता पुन्हा वर्षभर तयारी करण्याऐवजी आपण चिनी युद्धकलेवरच्या चित्रपटांसारखे चित्रपट दिग्दर्शित करणार, असे तो म्हणतो. वडील लिहितात : ‘सहा वर्षे कराटेला घातले, तेही ब्राऊन बेल्टवर सोडून दिले. ज्याला धड मारामारी येत नाही, तो असले सिनेमे काय काढणार? वह्यांमध्ये जुन्या चिनी खानावळी, जिने, पोशाख आणि कोण कुठून उडी मारील याचे बाण काढत बसायचा, म्हणून त्या चार वह्या मी रद्दीत दिल्या. तेव्हापासून जेवतानाही बोलत नाही. आपण त्याची समजूत घालावी.’

सप्रेम नमस्कार.

आपल्या मुलाच्या गुणांची मला चिंता वाटत नाही. चिंता वाटते ती त्या चार वह्यांची, आणि त्या देऊन टाकल्याचे आपण ज्या सहजतेने लिहिले आहे त्याची. आपला हेतू वाईट नव्हता, हे मला मान्य आहे. परंतु अठरा वर्षांच्या मुलाने कोणीही न सांगता, परीक्षेत एकही गुण मिळणार नाही हे ठाऊक असताना जे काम वह्या भरभरून केले, ते त्याला न विचारता घराबाहेर घालवणे ही शिस्त नव्हे. जेवताना तो बोलत नाही याला आपण हट्ट म्हणत असाल. मला तो आपल्यावरचा विश्वास उडाल्याचा परिणाम वाटतो, आणि तो विश्वास परत मिळवणे ही या घटकेला प्रवेशपरीक्षेपेक्षा निकडीची गोष्ट आहे.

आता आपला मुख्य आक्षेप. युद्धकलेवरचे चित्रपट काढायचे तर दिग्दर्शकाला स्वतःला लढता आले पाहिजे, असे आपण गृहीत धरले आहे. लढवय्या दिग्दर्शक झालेच नाहीत असे नाही. हाँगकाँगचे लाउ कार-लियुंग हे हुंग गार या कुंग-फूच्या परंपरेत वडिलांकडून शिकलेले खरे लढवय्ये होते आणि अनेक वर्षे मारामारीची दृश्ये बसवल्यानंतर १९७५मध्ये ते दिग्दर्शक झाले. पण या चित्रप्रकाराला ज्यांनी नवे रूप दिले, त्या किंग हू यांना कुंग-फूतले काहीच येत नव्हते, आणि हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. बीजिंगमध्ये वाढलेल्या हू यांच्या मनात तिथल्या ऑपेराचे, म्हणजे पारंपरिक संगीतनाट्याचे, ठेके, पदन्यास आणि रंगमंचावरच्या लुटुपुटूच्या लढाया घर करून होत्या. त्यांनी चित्रपटातली लढाई नृत्यासारखी रचली. ‘कम ड्रिंक विथ मी’ (१९६६) या चित्रपटासाठी त्यांनी नायिका निवडली ती नृत्य शिकलेली चेंग पेई-पेई, आणि हाणामारी बसवायला सोबत घेतले ते ऑपेरातून आलेले हान यिंग-ज्ये यांना. पुढे ‘अ टच ऑफ झेन’मधल्या बांबूच्या वनातल्या लढतीत माणसे हवेतून झेपावताना दिसतात, त्यामागे अंगबळापेक्षा दृश्याचे अगदी लहान लहान तुकडे कापून जोडण्याची त्यांची दृष्टी अधिक आहे. तेव्हा ब्राऊन बेल्टवर थांबणे हा या वाटेवरचा अडथळा नव्हे. कोण कुठून उडी मारील याचे बाण काढणे मात्र या कामाचा गाभा आहे.

किंग हू १९४९मध्ये हाँगकाँगला आले तेव्हा विशीतही नव्हते. छापखान्यात मुद्रितशोधन, चित्रपटांच्या जाहिरातींची चित्रे, नेपथ्याची कामे, छोट्या भूमिका असे मिळेल ते करत ते १९५८मध्ये शॉ ब्रदर्सच्या स्टुडिओत शिरले आणि स्वतःच्या नावाचे दिग्दर्शन त्यानंतरही काही वर्षांनी आले. म्हणजे चित्र काढणारा हात आधी, दिग्दर्शकाची खुर्ची फार नंतर. ‘अ टच ऑफ झेन’चा नायकही लोकांची चित्रे काढून पोट भरणारा एक विद्वान आहे, शासकीय परीक्षेला बस म्हणून आई त्याच्या मागे लागलेली असते. त्याला तलवार धरता येत नाही, तरीही पडक्या गढीत शत्रूच्या सैन्याला चकवण्याचा सगळा बेत तोच आखतो. हा चित्रपट मुलासोबत बसून पाहावा, अशी माझी आपल्याला आग्रहाची विनंती आहे. तीन तासांहून थोडा मोठा आहे. मध्ये उठू नये.

मुलालाही एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हू यांचे आयुष्य सुखाचे गेले नाही. तैवानला जाऊन काढलेला ‘ड्रॅगन इन’ (१९६७) प्रचंड चालला, पण ज्या चित्रपटाला १९७५मध्ये कान महोत्सवात तंत्रविषयक पुरस्कार मिळाला, तो ‘अ टच ऑफ झेन’ तैवानमध्ये आधी आपटला होता. उत्तरायुष्यात त्यांना काम मिळेनासे झाले, आणि अमेरिकेत रेल्वे बांधणाऱ्या चिनी मजुरांवरचा त्यांचा चित्रपट १९९७मध्ये तैपेई येथे त्यांचे निधन झाले तेव्हा व्हायचाच राहिला होता. ‘दिग्दर्शक’ या शब्दाच्या वलयावर भाळून कोणी या क्षेत्रात येऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

शिवाय आपण वर्णन केलेल्या वह्यांवरून मला वाटते की मुलाची खरी ओढ कदाचित दिग्दर्शनापेक्षा कला दिग्दर्शनाकडे, म्हणजे चित्रपटातली घरे, वस्तू आणि पोशाख घडवण्याकडे असावी. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपटशिक्षण संस्थेत त्याचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. त्यासाठी आधी ललित कला, वास्तुकला अशा विषयातील पदवी लागते. तेव्हा ललित कला पदवीसाठीची राज्याची सीईटी किंवा वास्तुकलेसाठी नाटा ही प्रवेशपरीक्षा, यांपैकी काय द्यायचे ते त्याला ठरवू द्यावे. जेईईचे दुसरे वर्ष त्याच्यावर लादू नये.

आज संध्याकाळी त्या रद्दीच्या दुकानात स्वतः जाऊन वह्या आहेत का, हे पाहावे. मिळाल्या तर त्याच्या टेबलावर ठेवाव्यात. न मिळाल्यास, माझी चूक झाली, हे त्याला आपल्या तोंडून ऐकू द्यावे, आणि नवी वही आणून द्यावी. पुढच्या पत्रासोबत तिच्यातली दोन-तीन पाने पाठवता आली तर मी सविस्तर सांगू शकेन. मात्र ती त्याला विचारूनच पाठवावीत.