नऊ एक, एक्सेल आणि हातचा

प्रश्न: सर, मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब लिहितो. परवा सौदे उरकल्यावर पोरगं दुकानात आलेलं, सहावीला आहे, ते म्हणलं पप्पा नऊ वेळा एक लिहा आणि त्याला त्यानंच गुणा, गंमत होते. मी एक्सेलला टाकलं तर 12345678987654300 आलं, पोरगं म्हणतंय शेवटी 321 पाहिजे. आमच्या पट्ट्या रोज ह्याच एक्सेलवर निघतात, मग खरं कोण?

उत्तर: पोरगं. विषमला विषमनं गुणलं की उत्तर विषमच येतं, आणि तुमचं तर शून्यावर संपतंय, म्हणजे तिथंच कळायला हवं होतं. एक्सेल पंधराच आकडे धरतं आणि ही संख्या सतरा आकडी, मग शेवटच्या 21 च्या जागी दोन शून्यं बसली. पट्ट्यांचं टेन्शन घेऊ नका, हळदीचा भाव कितीही चढला तरी पंधरा आकडी पट्टी काय निघत नाही. पण सोळा आकडी कार्ड नंबर असा टाकलात तर शेवटचा आकडा शून्य होऊन बसेल, तो सेल आधी टेक्स्ट करून घ्या.

आता गंमत. वहीवर उभी मांडणी करा, 111111111 च नऊ वेळा, दर ओळ एक घर डावीकडं सरकवून. बेरीज करताना उजवीकडून पहिल्या घरात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन असं चढत मधल्या घरात नऊ, आणि पुढं तसंच उतरत परत एकावर. हातचा कुठंच येत नाही, म्हणून तर 12345678987654321 दोन्हीकडून सारखं वाचता येतं. पोराला सांगा आता दहा एक घेऊन बघ. मधल्या घरात दहा होतात, हातचा आला की सगळा डौल गेला, 1234567900987654321 येतं.

ह्या जातीच्या संख्यांना नाव दिलं ते आपल्या द. रा. कापरेकरांनी, देवळालीचे शाळामास्तर, डेम्लो संख्या म्हणून, आणि डेम्लो म्हणजे आजचं डोंबिवली स्टेशन! अंकांच्या बेरजेनं भाग जाणाऱ्या संख्यांना हर्षद हे नावही त्यांचंच. तुमच्या संख्येच्या अंकांची बेरीज 81 येते आणि 81 नं तिला पूर्ण भाग जातो, भागाकार 12345679 चा वर्ग, म्हणजे ही हर्षदसुद्धा झाली. त्या 12345679 मध्ये आठ नाही हे बघितलंत का, त्याला नऊनं गुणा, परत नऊ एक हजर.

प्रश्न: हीच संख्या मोठ्यानं वाचायची कशी? (मिरजेहून)

उत्तर: कोटीत वाचायची तर 123 कोटी 45 लाख 67 हजार 898 कोटी, 76 लाख 54 हजार 321, दोनदा कोटी म्हणताना दम लागतो. भास्कराचार्यांच्या लीलावतीत मात्र दर घराला वेगळं नाव आहे, तिथं नुसतं म्हणत जायचं, एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, आणि मधला नऊ अर्बुदाच्या घरात. पुढं कोटीपासून खाली तुम्हाला येतंच.